उन्हातली छत्री, अबदागिरी आणि कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसातल्या छत्र्यांचे फोटो आपल्याकडे ढिगानं निघतात. उन्हातल्या छत्रीकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. भाजीवालीच्या डोक्यावरची जाहिरातीची मोठी छत्री, पालखीच्या बाजूनं चालणारी अबदागिरी, काशीच्या घाटावरच्या वेताबांबूच्या छत्र्या, गोव्याच्या वाळूतल्या रंगीत छत्र्या, यांच्यामागे मी कितीतरी उन्हाळे फिरलो. त्या फिरण्यात सोबत्यांनी आणि नवशिक्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे देतो आहे.

उन्हातल्या छत्रीचे फोटो कोणत्या वेळी काढावेत? सकाळ-संध्याकाळच बरी ना?

नाही. भरदुपारी काढा. सकाळची आणि मावळतीची कोवळी किरणं चेहऱ्याला, डोंगराला, देवळाला छान दिसतात, म्हणून दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवायची सवय लागते. पण छत्रीचं काम दुपारी असतं. सकाळी आठला ती मिटलेली असते किंवा एका कुशीवर कलती असते. बारा-साडेबाराला तिची सावली नेमकी तिच्याखाली येते आणि त्या वर्तुळात माणूस, टोपली, तराजू, पाण्याची बाटली सगळं अंग चोरून बसतं. ते वर्तुळ म्हणजेच आपला विषय. छत्रीचं कापड हा त्याचा निम्मा भाग झाला, उरलेला निम्मा जमिनीवर पडलेला असतो. नवशिक्यांच्या फोटोत नेहमी हा जमिनीवरचा भाग कापलेला दिसतो.

बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो का?

घड्याळातल्या बाराला नाही. आपलं घड्याळ देशभर एकच, सूर्य मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जातो. मे महिन्यात पुण्यात तो सर्वांत उंच येतो साडेबाराच्या सुमारास, वाराणसीत बाराच्या जरा आधी, कोलकात्यात साडेअकराच्या आसपास. प्रवासात हे लक्षात ठेवलं तर अर्धा-पाऊण तास वाया जात नाही.

आणखी एक गंमत महाराष्ट्रात साधते. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईवर सूर्य अगदी माथ्यावरून जातो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपुरात शेवटच्या. त्या दिवशी सरळ उभ्या छत्रीच्या दांड्याची सावली दिसतच नाही आणि कापडाचं वर्तुळ दांड्याभोवती समान पसरतं. जुलैच्या अखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. उलट डिसेंबरात पुण्यातली दुपारची सावलीही वस्तूच्या उंचीच्या जवळजवळ नऊ दशांश लांब असते, म्हणजे छत्री एकीकडे आणि सावली दुसरीकडे. तेव्हा विक्रेते छत्री कलती करतात किंवा तिला दक्षिण बाजूनं एखादं पोतं बांधतात. तोही फोटो घेण्याजोगा असतो.

छत्रीखालचा चेहरा काळा येतो नाहीतर मागचा रस्ता पांढराफटक. काय करावं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

लख्ख उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ १६ (भिंगाचं छिद्र) आणि १/१२५ सेकंद हे जुनं गणित आजही चालतं. मोकळ्या सावलीत त्याच्यापेक्षा साधारण तीन थांबे (स्टॉप, दर थांब्याला उजेड निम्मा) कमी उजेड असतो, म्हणजे आठवा हिस्सा. काळ्या छत्रीखाली आणि डांबरी रस्त्यावर तो आणखी उतरतो. एवढा फरक डोळा सहज सांभाळतो, कॅमेऱ्याला जड जातं आणि मोबाइलला त्याहून जड. म्हणून आधी काय हवं ते ठरवा.

चेहरा हवा असेल तर चेहऱ्यावर प्रकाश मोजा आणि पार्श्वभूमी बदला. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकलं की उन्हातल्या रस्त्याऐवजी मागे सावलीतली भिंत, दुकानाचं अंधारं दार किंवा दुसरी छत्री येते. माझे निम्मे प्रश्न या दोन पावलांनी सुटले आहेत. छत्रीचा आकार हवा असेल तर उन्हावर मोजा आणि माणूस काळ्या आकृतीसारखा येऊ द्या. दोन्ही हवं असेल तर रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, नंतर सुधारता येणारी) काढा, उन्हातला भाग फुटणार नाही, म्हणजे नुसता पांढरा होणार नाही इतपत कमी उजेड ठेवा आणि सावली नंतर उचला.

आणि जमीन पाहा. छत्रीखालच्या चेहऱ्यावर उजेड खालून येतो. पांढरी वाळू, सिमेंटचा ओटा, पसरलेलं पांढरं धोतर, कांद्याच्या पोत्यावर टाकलेला वर्तमानपत्राचा कागद, हे सगळं उजेड वर फेकतं. कोकणातली जांभ्याची तांबडी माती चेहऱ्यावर तांबूस झाक टाकते आणि ती मला फार आवडते. डांबर काहीच देत नाही. विक्रेत्याच्या पुढ्यात मुळ्याचा किंवा लसणाचा ढीग असेल तर त्याचा चेहरा वांग्यांच्या ढिगामागे बसलेल्यापेक्षा उजळ येतो. मंडईत एकदा बघाच.

रंगीत छत्रीखाली सगळं लाल किंवा निळं दिसतं. व्हाइट बॅलन्सनं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगाची झाक काढायच्या सोयीनं, जाईल का?

पूर्ण जाणार नाही. लाल कापडातून आलेल्या उजेडात टोमॅटो रसरशीत दिसतो आणि कोथिंबीर काळपट, कारण त्या उजेडात हिरवा रंग जवळपास उरलेलाच नसतो. जे नाही ते नंतर आणणार कुठून? शिवाय छत्रीबाहेरचा उजेड साध्या उन्हाचा असतो, म्हणजे एकाच फोटोत दोन उजेड. चेहरा सुधारायला गेलात तर रस्ता हिरवा-निळा होतो.

तीन उपाय मी वापरतो. माणसाला कडेला यायला सांगतो, तिथे कडेनं आलेला बाहेरचा उजेड रंगाची झाक कमी करतो. किंवा फोटो कृष्णधवल करतो. किंवा झाक तशीच ठेवतो, कारण छत्रीखाली बसलेल्या बाईचा दिवस खरोखरच त्या लाल उजेडात जातो. या तिसऱ्या उपायाकडे मी हल्ली जास्त झुकलो आहे. पण लग्नाच्या मांडवाखाली नवरीचा चेहरा हिरवा आला तर घरचे माफ करणार नाहीत, तिथे पहिला उपाय.

हिरव्या शेडनेटखाली झाक तर येतेच, वर जाळीचे ठिपके चेहऱ्यावर पडतात. रोपवाटिकेत ते शोभतात, माणसावर क्वचित.

काळ्या छत्रीखाली असा रंग येत नाही. तिथे उजेड आजूबाजूच्या आभाळाचा असतो, म्हणून थोडा निळसर. सावलीचा व्हाइट बॅलन्स ठेवला की पुरतं.

अबदागिरी म्हणजे नेमकं काय? छत्र आणि अबदागिरी एकच का?

एक नव्हे. छत्र गोल, वरून धरायचं. अबदागिरी चपटी, पिंपळाच्या पानासारख्या आकाराची, लांब काठीवर बसवलेली आणि कलाबतूनं मढवलेली. ती बाजूनं धरतात, कलत्या उन्हाच्या आड. शब्द फारसीतून आला, आफताब म्हणजे सूर्य आणि गीर म्हणजे धरणारा. राजदरबारात मानाचं चिन्ह म्हणून ती आली आणि देवाच्या, संतांच्या पालखीपाशी राहिली. छत्राचं तर काय सांगावं, ६ जून १६७४ ला रायगडावर महाराजांच्या डोक्यावर धरलं गेलं तेव्हापासून छत्रपती हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की आपण छत्र हरपलं म्हणतो. सावलीची वस्तू मराठीत इतकी खोल गेलेली आहे.

मग पालखीतल्या अबदागिरीचा फोटो कसा काढावा?

अबदागिरीवरचं जरीकाम उन्हात चमकतं आणि थेट समोरून काढलं तर पांढरा डाग येतो. थोडं तिरकं उभं राहा, भरतकामाचे टाके उठून दिसतील. कापड गर्द लाल किंवा जांभळं असेल तर कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, एक थांबा कमी करून घ्या. गर्दीत सगळं हलत असतं, शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका.

आषाढी वारीत उन्हाची एक खूण ध्यानात ठेवा. जूनच्या अखेरीस पुण्याच्या पट्ट्यात दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. सावल्या दक्षिणेकडे पडतात, वर्षातल्या इतर बहुतेक दिवसांच्या उलट. पालखी दक्षिण-पूर्वेकडे चाललेली असते, म्हणजे ढग नसतील तर पुढून काढणाऱ्याला चेहरे किंचित अंधारात मिळतात. म्हणून मी रस्त्याच्या कडेला, जरा मागे राहतो.

आणि खरं सांगायचं ते हे. अबदागिरी धरणारा स्वतः उन्हात असतो. सावली पालखीवर, घाम त्याच्या कपाळावर. वर्षानुवर्षं मी जरीचेच फोटो काढत होतो. एका वर्षी काठीवरून नजर खाली उतरली आणि तिला घट्ट धरलेले दोन हात दिसले, तळव्याखाली गुंडाळलेल्या फडक्यासकट. त्यानंतर अबदागिरीचा एकही फोटो मी हातांशिवाय काढलेला नाही. तुम्हीही काठीच्या खालच्या टोकापर्यंत या.

वाट अडवू नका, चोपदारांनी मागे व्हा म्हटलं की व्हा. परवानगी विचारायला तिथे एकच शब्द पुरतो: माऊली.

जेजुरीला कॅमेरा न्यावा का?

न्या, पण झाकून. भंडारा उधळला जातो तो बारीक पूड असतो आणि भिंगाच्या कड्यांत शिरतो. पारदर्शक पिशवी रबरानं बांधा, भिंग तिथे बदलू नका, पुसण्याआधी फुंकणीनं पूड उडवा. फडक्यानं घासलंत तर ओरखडे पडतील.

काशीच्या घाटावरच्या छत्र्यांसाठी कुठे आणि कधी उभं राहावं?

घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून सूर्योदयाचं ऊन सरळ छत्र्यांच्या पोटात शिरतं. दिवसात हीच एक वेळ अशी असते की छत्रीखाली बसलेल्या पंड्याचा चेहरा, त्याची लाकडी चौकी आणि छत्रीची आतली वीण तिन्ही उजळतात. दुपारचा नियम मी वर सांगितला, त्याला काशी अपवाद आहे. दुपारनंतर घाटावरच्या उंच इमारतींची सावली पायऱ्यांवर उतरू लागते आणि छत्र्यांना कामच उरत नाही.

होडीतून काढलं तर छत्र्यांच्या रांगा एकावर एक चढलेल्या दिसतात. पायऱ्यांवरून खाली पाहिलं तर नुसती वर्तुळं आणि मागे पाणी. मला दुसरं अधिक आवडतं. दशाश्वमेधला लागूनच अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा आणि शिंद्यांचा घाटही याच काठावर. मराठी माणसानं तिथे थोडं रेंगाळावं. पावसाळ्यात गंगा चढली की खालच्या पायऱ्या बुडतात, तेव्हा हे दृश्य मिळत नाही. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटावर चितांकडे कॅमेरा वळवू नका, छत्री मध्ये आली तरी.

त्रिशूर पूरमच्या छत्र्यांसाठी काय तयारी लागते?

केरळातल्या मेडम महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, वडक्कुन्नाथन देवळाभोवतीच्या तेक्किनकाडू मैदानावर हा उत्सव होतो. परमेक्कावू आणि तिरुवंबाडी या दोन बाजू समोरासमोर पंधरा-पंधरा हत्ती उभे करतात आणि हत्तींवरचे लोक रेशमी छत्र्या झपाझप बदलतात. या अदलाबदलीला कुडमाट्टम म्हणतात. ती संध्याकाळकडे होते, उजेड झरझर उतरतो. आयएसओ १६०० पर्यंत जायची तयारी ठेवा, दूरचं जवळ आणणारं ७०-२०० चं भिंग न्या आणि दुपारपासूनच जागा धरा, कारण नंतर हलता येत नाही. छत्री उघडण्याच्या क्षणाची वाट पाहू नका, जुनी छत्री खाली जाते आणि नवी वर येते त्या मधल्या क्षणी सलग फोटो घ्या. तेव्हा दोन्ही रंग एकत्र मिळतात. ट्रायपॉड त्या गर्दीत कोणाच्याही पायात येतो, तो घरी ठेवा.

समुद्रकिनाऱ्यावरच्या छत्र्यांचे फोटो सगळे सारखेच दिसतात. वेगळं काय?

उंचीवरून काढा. ड्रोनच हवा असं नाही, किल्ल्याची तटबंदी, हॉटेलची गच्ची, टेकडी चालते. वरून छत्री हे वर्तुळ होतं आणि सावली दुसरं वर्तुळ. सकाळी नऊला ती दोन वेगळी दिसतात आणि दुपारपर्यंत सरकत एकमेकांत मिसळतात. एकाच जागेवरून दर तासाला एक फोटो घेतलात तर सुंदर मालिका होते.

गोव्यात शॅक (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाणावळी) पावसाळ्याआधी उतरवतात. त्या शेवटच्या दिवसांत मिटून दोरीनं बांधलेल्या, एकावर एक रचलेल्या छत्र्यांचे फोटो फार कमी लोक काढतात. उन्हानं एका बाजूचा रंग उडालेला असतो आणि घडीतला रंग ताजा, ते तेव्हाच दिसतं.

छत्रीखाली पहुडलेल्या लोकांचे, विशेषतः बायका-मुलांचे फोटो लांबच्या भिंगानं चोरून काढू नका. ते रिकाम्या वेळेसाठी आडोसा घेऊन बसलेले असतात आणि छत्री हाच तो आडोसा आहे.

मोबाइलवर जमेल का?

जमेल. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे प्रकाश तिथेच कुलूपबंद होतो, मग पट्टी ओढून थोडा कमी करा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो छत्रीच्या काड्या आणि दांडा अर्धवट पुसून टाकतो. उन्हात मोबाइल तापला की पडदा मंद होतो आणि कॅमेरा अडखळतो. मधेमधे सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये किंवा बर्फाजवळ नको, आत दव धरतं.

छत्रीच्या आतून वर पाहून काढलेला फोटो कसा साधतात?

खाली बसा, रुंद भिंग लावा, दांडा मधोमध न घेता जरा बाजूला घ्या. काड्यांची चांदणी होते आणि कापडाचे जोड, ठिगळं, छापील अक्षरं उलटी दिसतात. प्रकाश कापडावर मोजा. सूर्याचा गोळा एखाद्या काडीच्या किंवा जोडाच्या मागे दडवा, म्हणजे कापड फुटल्यासारखं पांढरं होणार नाही. आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यातून थेट सूर्याकडे डोळा लावू नका, डोळ्याला इजा होते.

जुन्या छत्रीला बारीक भोकं असतील तर जमिनीवर पडलेले ठिपके पाहा. ते गोल असतात, भोक वाकडं असलं तरी, कारण प्रत्येक ठिपका ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास सूर्यग्रहणात याच ठिपक्यांच्या चंद्रकोरी होतात.

हवेत टांगलेल्या रंगीत छत्र्यांच्या गल्ल्यांबद्दल काय मत आहे?

पोर्तुगालमधल्या आगेदा गावी २०१२ पासून रस्त्यावर अशा छत्र्या टांगतात आणि ती कल्पना मग जगभर पसरली. वर पाहून काढलेला फोटो प्रत्येकाकडे असतो. मी खाली पाहतो, फरशीवर पडलेल्या रंगीत चकत्यांमधून चालणाऱ्या पायांकडे.

समाधीवरच्या छत्र्याही यात येतात का?

शब्द एकच, म्हणून विचारतात. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, इंदुरात होळकरांच्या छत्र्या आहेत. नाव छत्रावरूनच आलं आणि मान राजाचाच. त्यांच्या फोटोंना मात्र वास्तूचे नियम लावा: सकाळचं तिरकं ऊन, उभ्या रेषा सरळ, घाई नाही.

विक्रेते फोटोला नाही म्हणतात. कसं विचारावं?

आधी कॅमेरा खाली. मावशी, काका, ताई, जे शोभेल ते म्हणा, आणि विचारा: "तुमच्या छत्रीचा एक फोटो काढू का?" छत्रीचा म्हटलं की माणूस सैलावतो, हा माझा अनुभव आहे. मग छत्रीबद्दल बोला. कुठून आणली, वाऱ्यात उलटते का, बुडाशी टायरमध्ये सिमेंट ओतलंय की दगड लावलेत. प्रत्येकाकडे त्याची गोष्ट असते. गिऱ्हाइकाच्या वेळी मध्ये उभे राहू नका, ती त्यांची कमाई आहे. अनेकांना अतिक्रमणाच्या कारवाईची धास्ती असते, त्यामुळे फोटो कशासाठी हे स्पष्ट सांगा. नाही म्हटलं की हात जोडून पुढे चला. लहान मुलाचा फोटो आई-वडिलांना विचारूनच. जाहिरातीसाठी वापरणार असाल तर लेखी संमती घ्या.

भाव न करता काहीतरी विकत घेणं मी पाळतो. लिंबं तर लागतातच.

मे महिन्यात उन्हात तासन्‌तास फिरायचं तर स्वतःची काळजी?

टोपी, सुती पूर्ण बाह्या, पाणी, लिंबू-मीठ-साखर. डोकं दुखू लागलं, मळमळलं, घाम थांबला तर फोटो राहू द्या आणि लगेच सावलीत जा, मदत मागा. मी एकदा सोलापुरात हे अंगावर काढलं होतं आणि ज्या रसवंतीवाल्याचे फोटो काढत होतो त्यानंच मला त्याच्या छत्रीखाली झोपवून पाणी मारलं.

स्वतःची छत्रीही न्या. पांढरी, पातळ कापडाची असेल तर सूर्य आणि चेहरा यांच्या मध्ये धरून मऊ उजेड मिळतो. भिंगाचं हूड म्हणजे तरी काय, कॅमेऱ्याची छत्रीच, ते कायम लावलेलं ठेवा.

काढलेला फोटो त्या माणसाला द्यायचा तर कसा?

छापून. मोबाइलवर पाठवलेला फोटो गर्दीत हरवतो. पाच बाय सातचा, चकचकीत नको, मॅट कागदावर, कारण तो उन्हात, ओल्या हातांनी पाहिला जाणार असतो. लॅमिनेशन केलं तर भाजीच्या गाड्यावरही टिकतो. मागे गाव, तारीख आणि वेळ लिहा. बाजारगाव असेल तर आठवडी बाजाराच्याच वारी जा, इतर दिवशी तिथे ती छत्रीही नसते आणि ते माणूसही.